सोसायटीची निवडणूक : भांडण दिसतं, पण संशोधनाचा प्रश्न कुठे असतो?

‘सोसायटीच्या कमिटीच्या निवडणुकीवर कोणी पीएच.डी. करतं का?’ हा प्रश्न विषय सांगितल्यावर पहिल्या मिनिटात येतो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतं ते पार्किंगवरून होणारं भांडण, व्हॉट्सॲप ग्रुपवरचे लांबलचक मेसेज आणि एजीएममध्ये माईक ओढणारे काका. त्यात संशोधन कसलं?

पण कमिटीच्या हातात काय असतं याची यादी करून बघा. दर महिन्याचा मेंटेनन्स, सिंकिंग फंड, दुरुस्तीचं कंत्राट, ऑडिट, लिफ्ट कधी बदलायची, रिडेव्हलपमेंटसाठी कोणाशी बोलायचं. मध्यमवर्गीय कुटुंबाची आयुष्यभराची कमाई ज्या एका गोष्टीत अडकलेली असते, त्या घराबद्दलचे बरेच निर्णय ही पाच-पंधरा माणसं घेतात. आमदार आवडला नाही तर आपण कुरकुर करून गप्प बसतो. कमिटी आवडली नाही तर गप्प बसणं परवडत नाही, आणि घर विकून निघून जाणंही सोपं नसतं. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० च्या पुस्तकात ‘बाहेर पडणं’ आणि ‘आवाज उठवणं’ असे दोन मार्ग मांडले आहेत. इथे पहिला मार्ग महाग आहे, म्हणून दुसऱ्यावर सगळा भार येतो. मतदान हा त्या आवाजाचा औपचारिक भाग.

या लेखात आपण मतदान-पद्धतीवरचे वाद उलगडून बघू. ‘कोण बरोबर, कोण चूक’ हे ठरवायचं नाही. एखादं भांडण संशोधनाच्या प्रश्नात कसं बदलायचं, एवढंच बघायचं आहे. उदाहरणं मुख्यतः महाराष्ट्रातली आणि अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातली घेतली आहेत. फ्लोरिडा का? कारण तिथे कॉन्डोमिनियम म्हणजे सामायिक मालकीच्या इमारती प्रचंड आहेत आणि त्यांच्या निवडणुकीचे नियम कायद्यात फार बारकाईनं लिहिलेले आहेत. (हा कायदेशीर सल्ला नाही. तुमच्या सोसायटीत वाद चालू असेल तर वकिलाकडे जा!)

पहिला गोंधळ : मत माणसाला की मालमत्तेला?

आपण बोलताना सगळ्यालाच ‘सोसायटी’ म्हणतो. पण महाराष्ट्रात दोन वेगळे कायदे आहेत.

एक, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. या कायद्याखाली नोंदलेली सहकारी गृहनिर्माण संस्था ही खऱ्या अर्थानं सोसायटी. इथे इमारत संस्थेची आणि तुम्ही तिचे सभासद. सहकाराचं मूळ तत्त्व लागू होतं : एक सभासद, एक मत. वन बीएचके असो की फोर बीएचके.

दोन, महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७०. पुण्यात अशा इमारती बऱ्याच सापडतील. इथे फ्लॅट थेट तुमच्या मालकीचा, आणि जिना, गच्ची, जमीन यांत तुमचा अविभक्त हिस्सा. हा हिस्सा टक्क्यांत असतो, फ्लॅटच्या मूल्याच्या प्रमाणात ठरतो आणि बिल्डरनं नोंदवलेल्या घोषणापत्रात, म्हणजे डिक्लरेशनमध्ये, लिहिलेला असतो. असोसिएशनच्या आदर्श उपविधींप्रमाणे मत याच टक्क्यांनी मोजलं जातं. अमेरिकेतले साठच्या दशकातले कॉन्डोमिनियमचे कायदे आणि आपला १९७० चा कायदा शेजारी ठेवून वाचा. शब्दरचनेतलं साम्य लगेच दिसतं.

आता एक काल्पनिक इमारत घ्या. २० फ्लॅट. त्यातले १४ छोटे, प्रत्येकी ३.५ टक्के हिस्सा. उरलेले ६ मोठे, प्रत्येकी ८.५ टक्के. छोट्यांची बेरीज ४९ टक्के, मोठ्यांची ५१ टक्के. ही इमारत सहकारी संस्था असेल तर छोटे फ्लॅटवाले १४ विरुद्ध ६ अशा मतांनी जिंकतील. अपार्टमेंट असेल तर तेच लोक, त्याच दिवशी, तशीच मतं देऊन ४९ विरुद्ध ५१ असे हरतील.

इथे कोणीही गैरप्रकार केलेला नाही. तरी हरलेल्या बाजूला ‘फसवणूक झाली’ असं वाटणार, कारण त्यांच्या डोक्यात ‘सोसायटी’ म्हणजे एक घर एक मत. ज्याला लोक निवडणुकीतला घोटाळा म्हणतात, त्यातला काही भाग हा नियमाबद्दलच्या दोन वेगळ्या समजुतींचा संघर्ष असतो. संशोधक म्हणून तुमचं पहिलं काम हे दोन प्रकार वेगळे ठेवणं. नियम मोडला गेला, हा एक वाद. नियमच अन्यायाचा वाटतो, हा दुसरा वाद. पहिल्यासाठी पुरावे कागदपत्रांत शोधावे लागतील, दुसऱ्यासाठी लोकांच्या समजुतींत. दोन्ही एकाच प्रश्नावलीत कोंबले तर उत्तरं निरुपयोगी होतात.

दुसरा गोंधळ : यादीत नाव कोणाचं?

मतदानाच्या दिवशीचा राडा सगळ्यांना दिसतो. पण बरेच वाद त्याआधी, मतदार यादी आणि अर्जांची छाननी या टप्प्यांवरच जन्माला येतात. नेहमीची भांडणं अशी :

- फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, मत कोणाचं? सहकार कायद्याचं सूत्र असं की शेअर सर्टिफिकेटवर ज्याचं नाव पहिलं, त्याला मताचा हक्क. तो हजर नसेल तर दुसऱ्या नावाला.
- सभासद वारले. नॉमिनी आहे, वारसांचं अजून ठरलेलं नाही. २०१९ च्या दुरुस्तीत अशा स्थितीसाठी ‘तात्पुरता सभासद’ अशी वेगळी वर्गवारी आणावी लागली, यावरूनच हा प्रश्न किती नेहमीचा आहे हे समजा.
- उमेदवार थकबाकीदार आहे का? थकबाकीदाराला निवडणूक लढवता येत नाही. पण ‘थकबाकी’ खरी की वादातली? कोणी दंडाच्या रकमेवर हरकत घेतली असेल तर?
- बिल्डरकडे न विकलेले फ्लॅट आहेत. अपार्टमेंटमध्ये त्यांचे टक्के त्याच्याकडेच. फ्लोरिडाच्या कायद्यात तर विकलेल्या युनिटांच्या प्रमाणात मंडळाचा ताबा बिल्डरकडून मालकांकडे टप्प्याटप्प्यानं कसा जायचा, हे लिहूनच ठेवलं आहे.

या सगळ्यांत एक समान धागा आहे. सभासदांचं रजिस्टर, थकबाकीचा हिशेब, शेअर सर्टिफिकेटच्या नोंदी, सगळं चालू कमिटीच्या कपाटात असतं. म्हणजे ज्यांची खुर्ची पणाला लागली आहे, त्यांच्याच माहितीवरून मतदार आणि उमेदवार ठरतात. सेक्रेटरी प्रामाणिक असला तरी संशय येतोच. आणि नसला तर मतपेटीला हातसुद्धा लावायची गरज नाही, छाननीतच काम होतं.

पहिल्या मुद्द्याकडे पुन्हा बघा. शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव कोणाचं असतं? पती-पत्नीच्या घरात बहुतेकदा काय उत्तर येईल याचा अंदाज तुम्हाला आहेच. दुसरीकडे कमिटीत महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. मग ज्या घरात स्त्री ही दुसरं नाव आहे, तिथे ती उमेदवार म्हणून कशी उभी राहते, कोणाच्या संमतीनं, आणि मत कोण टाकतं? हा एम.फिल.च्या नव्हे, पूर्ण पीएच.डी.च्या ताकदीचा प्रश्न आहे. ‘महिलांचा सहभाग’ असं ढोबळ शीर्षक देण्यापेक्षा ‘पहिलं नाव’ हा एकच कागदी तपशील धरून ठेवला तर अभ्यास किती नेमका होतो ते बघा.

तिसरा गोंधळ : गुप्त हवं आणि तपासताही यायला हवं

शेजाऱ्यांमध्ये मतदान गुप्त असणं विधानसभेपेक्षा जास्त गरजेचं आहे, असं मला वाटतं. ज्याच्या विरोधात मत दिलं तो रोज लिफ्टमध्ये भेटतो. पण मत इतकं गुप्त झालं की ते कोणी टाकलं हेच समजेना, तर बोगस मतं ओळखणार कशी?

फ्लोरिडाच्या कॉन्डोमिनियम कायद्यानं यावर दोन पाकिटांची पद्धत ठेवली आहे. मतपत्रिका आतल्या कोऱ्या पाकिटात. ते पाकीट बाहेरच्या पाकिटात, ज्यावर मतदाराचं नाव, युनिट नंबर आणि सही. मतमोजणीच्या दिवशी आधी बाहेरची पाकिटं यादीशी ताडून बघतात. सही नसेल तर ते मत बाजूला. मग आतली पाकिटं वेगळी काढून एकत्र करतात आणि त्यानंतरच उघडतात. पहिली नोटीस किमान ६० दिवस आधी, उमेदवारी किमान ४० दिवस आधी, मतपत्रिकेसह दुसरी नोटीस १४ ते ३४ दिवस आधी, असं वेळापत्रकही ठरलेलं. मंडळाच्या निवडणुकीत प्रॉक्सी सर्वसाधारणपणे चालत नाही. किमान २० टक्के पात्र मतदारांनी मत दिलं तरच निवडणूक ग्राह्य.

एवढं असूनही वाद झाले. मायामी-डेड काउंटीच्या ग्रँड ज्युरीनं २०१७ च्या सुरुवातीला कॉन्डो मालकांच्या तक्रारींवर अहवाल दिला आणि त्याच वर्षी राज्यानं कायदा कडक केला. मतपाकिटावर खोटी सही करणं हा फौजदारी गुन्हा म्हणून स्पष्टपणे लिहिला गेला. म्हणजे पद्धत जिथे सर्वांत भक्कम वाटत होती, त्या बाहेरच्या पाकिटावरच्या सहीवरच घाव बसत होता.

या पद्धतीचा एक परिणाम संशोधकानं नीट समजून घ्यावा. आतली पाकिटं एकदा वेगळी झाली की चुकीचं मत शोधून काढून टाकता येत नाही. ‘ही तीन पाकिटं खोटी होती’ हे नंतर सिद्ध झालं, तरी त्यात कोणाला मत होतं हे कधीच कळणार नाही. मग न्यायाधीशानं किंवा लवादानं करायचं काय?

इथे गणित उपयोगी पडतं. समजा, शेवटच्या निवडून आलेल्या उमेदवाराला ५२ मतं आणि पहिल्या पडलेल्याला ४७. फरक ५. वादग्रस्त मतं ३.

- ती तीन मतं अपात्र होती आणि मोजायलाच नको होती, असं धरलं, तर सर्वांत वाईट स्थितीत विजेत्याची तीन कमी होतील : ४९ विरुद्ध ४७. निकाल तोच.
- पडलेल्याची तीन खरी मतं चुकून बाद झाली असं धरलं : ५२ विरुद्ध ५०. निकाल तोच.
- पण मूळ मालकांच्या मतपत्रिका कोणी परस्पर भरून दिल्या असतील, तर प्रत्येक मत एका बाजूनं वजा आणि दुसऱ्या बाजूला अधिक होऊ शकतं : ४९ विरुद्ध ५०. निकाल फिरला.

म्हणजे ‘किती मतं वादग्रस्त’ एवढं मोजून भागत नाही, वाद कोणत्या प्रकारचा आहे तेही बघावं लागतं. आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १०० मध्येही निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला का, ही कसोटी आहे. तुम्ही निकालपत्रं वाचाल तेव्हा प्रत्येक प्रकरणासाठी तीन रकाने करा : फरक किती, वादग्रस्त मतं किती, वादाचा प्रकार कोणता. एवढ्या साध्या तक्त्यातून कळतं की न्यायालय गणितावर चाललं आहे की प्रक्रियेच्या पावित्र्यावर. आणि दोन प्रकरणांत गणित सारखं असून निकाल वेगळे लागले असतील, तर तुमच्या प्रबंधाचं एक प्रकरण तिथेच सापडलं.

चौथा गोंधळ : मोजणीची रीत

१०० मतदार, ५ जागा. एका गटाकडे ५९ मतदार, दुसऱ्याकडे ४१. प्रत्येकाला पाच उमेदवारांना एकेक मत देता येतं, ही आपल्या ओळखीची रीत. पहिल्या गटाच्या पाचही उमेदवारांना ५९ मतं, दुसऱ्याच्या पाचांना ४१. निकाल ५-०. इमारतीतल्या ४१ टक्के लोकांचा कमिटीत एकही माणूस नाही.

आता रीत बदलू. प्रत्येकाकडे तीच पाच मतं, पण ती हवी तर एकाच उमेदवाराला देता येतील. याला संचयी मतदान म्हणतात. कॅलिफोर्नियात घरमालकांच्या असोसिएशनना आपल्या नियमावलीत तशी तरतूद करता येते. दुसऱ्या गटाकडे ४१ गुणिले ५, म्हणजे २०५ मतं. त्यांनी दोनच उमेदवार उभे केले तर एकाला १०३, दुसऱ्याला १०२. पहिल्या गटाकडे २९५ मतं. ती चार जणांत वाटली तर प्रत्येकी जेमतेम ७४. तीन जणांत वाटली तर ९८ च्या आसपास. काहीही केलं तरी दुसऱ्या गटाचे दोघे येतातच. निकाल ३-२.

लोक तेच, पसंती तीच, कमिटी वेगळी. म्हणून ‘वारंवार वाद का होतात’ या प्रश्नाचं उत्तर शोधताना माणसांच्या स्वभावाकडे जाण्याआधी मोजणीच्या रीतीकडे जा. पाच वर्षांची मुदत आणि ५-० चा निकाल एकत्र आला, तर हरलेल्या ४१ टक्क्यांपुढे तक्रार करण्याशिवाय काय उरतं? मात्र हे गृहीतक आहे, निष्कर्ष नव्हे. ३-२ ची कमिटी रोज भांडत बसते आणि गळकी टाकी तशीच राहते, असंही होऊ शकतं. ते तपासायलाच तर तुम्ही संशोधन करणार.

निवडणूक घेणार कोण?

यादी कमिटीची आणि निवडणूकही कमिटीच घेणार, तर संशय दुप्पट. ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर महाराष्ट्रानं २०१३ मध्ये सहकार कायद्यात बदल करून राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण आणलं, आणि २०१४ मध्ये निवडणुकीचे सविस्तर नियम आले. विचार चांगला होता : निवडणूक तटस्थ यंत्रणेनं घ्यावी. पण छोट्या सोसायट्यांना ही प्रक्रिया जड जात होती. २०१९ च्या दुरुस्तीत गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं आणि २५० पर्यंत सभासद असलेल्या संस्थांना स्वतःची निवडणूक स्वतः घ्यायची मुभा मिळाली. पुढे २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं राजेंद्र शाह प्रकरणात ९७ व्या दुरुस्तीतला राज्यांतल्या सहकारी संस्थांना लागू होणारा भाग रद्द केला, कारण किमान निम्म्या राज्य विधिमंडळांची संमती घेतली नव्हती. बहुराज्यीय संस्थांसाठी मात्र तो भाग टिकला. राज्याचा स्वतःचा कायदा हा वेगळा विषय. सिनॉप्सिसमध्ये या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नका, व्हायवात हमखास पकडलं जाईल.

संख्यात्मक पद्धती शिकणाऱ्यांचे कान ‘२५०’ ऐकून टवकारले असतील. एका बाजूला २४०-२५० सभासदांच्या सोसायट्या, दुसऱ्या बाजूला २५१-२६०. बाकी सगळं सारखं, फक्त निवडणूक घेणारा वेगळा. याला रिग्रेशन डिस्कंटिन्युइटी म्हणतात. कल्पना छान आहे, पण तीन अडचणी आधीच लिहून ठेवा. या सीमारेषेजवळ पुरेशा सोसायट्या आहेत का? सभासदसंख्या आणि फ्लॅटसंख्या एकच नसते, मग आकडा कोण ठरवतं आणि तो रेषेच्या हव्या त्या बाजूला सरकवता येतो का? आणि ‘२०१९ च्या आधी व नंतर’ अशी तुलना करायची म्हटलं, तर कोविडच्या काळात सहकारी संस्थांच्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या होत्या, त्याचा परिणाम कसा वेगळा काढणार?

डेटा कुठून, आणि कोणता डेटा दिसतच नाही

आपल्याकडे निवडणुकीचा वाद सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो, निकाल जाहीर झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत. फ्लोरिडातही आव्हानाची मुदत ६० दिवसांचीच आहे. मग न्यायालयातली प्रकरणं गोळा केली की झाला का अभ्यास?

नाही. फेल्स्टिनर, एबल आणि सॅरट या तिघांचा १९८०-८१ मधला एक लेख या क्षेत्रात सगळे वाचतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : आधी माणसाला आपल्यावर अन्याय झाला हे जाणवावं लागतं, मग तो कोणामुळे झाला हे ठरवावं लागतं, मग दाद मागावी लागते. प्रत्येक पायरीवर बरेच जण गळतात. सोसायटीत ही गळती जास्तच असणार. शेजाऱ्याशी वैर नको, वकिलाची फी नको, दोन महिन्यांची मुदत उलटली, किंवा निवडणूक बिनविरोध झाली म्हणून वाद दिसलाच नाही. बिनविरोध म्हणजे समाधान की कंटाळा, हे न्यायालयाच्या नोंदी कधीच सांगणार नाहीत. निकालपत्रं वाचून ‘सोसायट्यांत सर्वाधिक वाद मतदार यादीवरून होतात’ असं लिहिलंत, तर परीक्षक विचारेल : सोसायट्यांत, की न्यायालयापर्यंत पोहोचलेल्या प्रकरणांत?

कागद मिळवण्याचंही एक गणित आहे. माहितीच्या अधिकारात थेट सोसायटीला अर्ज करून उपयोग बहुधा होणार नाही. थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये म्हटलं की सहकारी संस्था सरसकट ‘सार्वजनिक प्राधिकरण’ ठरत नाहीत. पण निबंधक ठरतो. कायद्यानुसार जी माहिती निबंधकाकडे असते किंवा तो मागवू शकतो, ती त्याच्याकडून मागता येते. त्यामुळे अर्ज उपनिबंधक कार्यालयात करा, आणि ‘सर्व माहिती द्यावी’ असं न लिहिता दस्तऐवजाचं नाव व कालावधी लिहा.

मुलाखती घेणार असाल तर एक पथ्य. इमारतीचं नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं होत नाही. ‘सात मजली, स्टेशनजवळची, दोनदा निवडणूक रद्द झालेली’ एवढ्यावर त्या भागातला कोणीही इमारत ओळखेल. तुमचा पेपर छापून येईल, तुम्ही पुढे जाल, पण ज्यानं तुम्हाला सगळं सांगितलं तो तिथेच राहणार आहे.

पणाला काय लागलेलं असतं

२४ जून २०२१ च्या पहाटे फ्लोरिडातल्या सर्फसाईड इथली चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही १२ मजली कॉन्डो इमारत अर्धवट कोसळली. ९८ माणसं गेली. २०१८ मध्येच सल्लागार अभियंत्यानं गंभीर नुकसान नोंदवलं होतं. त्यानंतरच्या काळात दुरुस्तीचा खर्च आणि मंडळाचा कारभार यावरून मालकांत तीव्र मतभेद झाले, २०१९ मध्ये मंडळातल्या बहुतेक सदस्यांनी राजीनामे दिल्याच्या बातम्या आल्या. सुमारे १५ दशलक्ष डॉलरची वर्गणी मालकांवर बसवायचा निर्णय झाला तो २०२१ च्या वसंतात.

हे वाचून ‘भांडणामुळे इमारत पडली’ असं लिहायचा मोह होतो. लिहू नका. इमारत काँक्रीट, पाणी आणि रचनेतल्या दोषांमुळे पडते, आणि ते सांगणं अभियंत्यांचं काम. आपण विचारू शकतो तो प्रश्न वेगळा आहे : मालकांना मोठा खर्च सांगणारी कमिटी निवडून येते का, टिकते का, आणि मतदानाची कोणती पद्धत तिला टिकू देते? मुंबईतल्या पन्नास वर्षं जुन्या इमारतीत राहणाऱ्या कोणालाही हा प्रश्न परका वाटणार नाही.

आता तुमची पाळी

गाईडकडे विषय घेऊन जाण्याआधी तो तीन वेळा लिहा. पहिल्यांदा जसा सुचला तसा : ‘गृहनिर्माण संस्थांच्या निवडणुकांतील वाद : एक अभ्यास’. या शीर्षकाखाली काहीही मावतं, म्हणून ते उपयोगाचं नाही. दुसऱ्यांदा त्यात एक टप्पा निवडा : यादी, छाननी, मतदान, मोजणी की दाद. तिसऱ्यांदा त्यात तुलना घाला. उदाहरणार्थ : ‘पुण्यातल्या सहकारी संस्था आणि अपार्टमेंट असोसिएशन यांत, मत मोजण्याच्या वेगळ्या आधारामुळे, मोठ्या दुरुस्तीचे ठराव मंजूर होण्याच्या प्रमाणात फरक पडतो का?’ आता कोणत्या इमारती निवडायच्या, कोणता कागद मागायचा आणि उत्तर ‘नाही’ आलं तर ते कसं ओळखायचं, हे सगळं प्रश्नातूनच ठरतं.

सुरुवात घरापासून करा. तुम्ही राहता त्या इमारतीची नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे, हे या आठवड्यात शोधून काढा. शेजाऱ्यांपैकी चार जणांना तोच प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून ठेवा. चारही उत्तरं एकसारखी येतात का ते बघा, आणि वेगवेगळी आली तर का आली याचा विचार करा.